लोकरीच्या दुकानातल्या काकूंना, आईच्या निळ्या स्वेटरबद्दल

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

ऋतू बदलला की तुम्ही काउंटरवर जे पत्रक ठेवता, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण विणणाऱ्या बाकीच्यांनाही ते कळावं असं वाटतं. दुकानात नवीन काय आलं हे त्या पत्रकात असतंच, पण अर्ध्याहून जास्त जागा तुम्ही घरात पडून असलेल्या लोकरीला देता. तिचं काय करता येईल, कोणत्या महिन्यात काय हाती घ्यावं, आणि काय विकत घेऊ नये, हेसुद्धा. दुकानदाराने असं लिहिणं सोपं नाही. आमच्या घरात त्याने काय झालं, हे तुम्हाला तुकड्यातुकड्यानेच कळलंय. आज सलग सांगते.

आईने विणणं सोडून दिलं होतं. बोटांचे सांधे धरायचे आणि गडद रंगातले टाके दिसायचे नाहीत. लांब सरळ सुयांवर काम वाढत गेलं की सगळं वजन मनगटांवर येतं, तेही तिला पेलेना. पेटीत एक निळा स्वेटर अर्धवट राहिला होता. पाठ पूर्ण, पुढचा भाग काखेपर्यंत, शिवाय थोडे गुंडे. लेबल केव्हाच हरवलेलं. ते सगळं पिशवीत घालून मी तुमच्याकडे आले तेव्हा मला फक्त जुळणारी निळी लोकर हवी होती.

तुम्ही फळीकडे वळलाच नाहीत. आधी गुंड्याचं बोटभर टोक कापलंत, चिमट्यात धरलंत आणि बशीवर त्याला काडी लावलीत. धागा रडतखडत पेटला, काडी बाजूला केल्यावर आपोआप विझला, जळलेल्या केसांचा वास आला. राख तुम्ही दोन बोटांत चुरून दाखवलीत. "अस्सल लोकर आहे," म्हणालात. "ॲक्रिलिक असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. सुती असतं तर कागद जळल्याचा वास आला असता." लेबल नसलेल्या धाग्याची एवढी साधी परीक्षा मला कोणी दाखवली नव्हती. त्यावरच पुढचं सगळं ठरलं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमदा होतो. म्हणून कोमट पाण्यात नुसता बुडवून ठेवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवा पसरून वाळवायचा, हे तुम्ही बिलाच्या कागदामागे लिहून दिलंत.

मग तुम्ही म्हणालात, "हा निळा जुळणार नाही." रंगवण्याचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा उतरतो, म्हणून लेबलवर रंगाच्या नंबरासोबत लॉटचा नंबर छापतात. एकाच नंबरचे दोन लॉट दुकानातल्या दिव्याखाली सारखे दिसले, तरी अंगावर घालून उन्हात गेलं की छातीवर आडवी रेघ उमटते. थोडाच फरक असेल तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं आलटून पालटून विणलं की सीमा विरून जाते. आईच्या निळ्यात वर्षं मुरली होती, तिथे तेही जमलं नसतं. "जवळचा रंग घेतलात तर चुकल्यासारखं दिसेल. लांबचा घ्या, ठरवून केल्यासारखं दिसेल." तेव्हा ठरलं की उरलेला निळा पुढच्या भागाला वापरायचा, आणि बाह्या व गळपट्टी फिकट राखाडी. राखाडी का, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आईला दिसावं म्हणून, हे तुमच्या मनात आधीपासून होतं.

त्या हंगामाचं पत्रक उन्हाळ्याचं होतं आणि त्यात पहिलीच ओळ अशी होती: स्वेटर उकाड्यात सुरू करा, पण बाहीपासून. मला आधी ते उलटं वाटलं. थंडी पडली की लोकर आठवते, आणि तेव्हा सुरू केलेला मोठ्या माणसाचा स्वेटर थंडी सरता सरता संपतो, असा तुमचा हिशोब. उन्हाळ्यात पाठीचा मोठा तुकडा मांडीवर घेऊन बसवत नाही, बाही मात्र लहान असते, हातात मावते. शिवाय बाही हाच नमुना. माप तपासायला दहा सेंटिमीटरचा चौकोन वेगळा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. बाही वीतभर झाली की धुवायची, वाळवायची, मग माप घ्यायचं. चुकलं तर उसवायला फारसं काही नाही, जमलं तर एक बाही आपोआप तयार.

आईच्या बाबतीत या मापानेच सगळं वाचलं. जुन्या पाठीवर दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत होते. नव्या बाहीवर त्याच सुईने, तेवढ्याच जाडीच्या लोकरीत २० बसले. वयाने हात सैल झाला होता. दोन टाके ऐकायला काहीच नाहीत, पण छातीच्या घेराला २०० टाके धरले तर एका हाताने ९१ सेंटिमीटर होतात आणि दुसऱ्याने १००. पाठ एका मापाची आणि पुढचा भाग दुसऱ्या मापाचा झाला असता. तुम्ही तिला एक नंबर बारीक सुई दिलीत, आणि तीही सरळ नाही, वायरची गोल. गोल सुईवर सपाट तुकडाही विणता येतो, ओळ संपली की उलटवायचं, हे आईलाही नवीन होतं. सगळं ओझं वायरीवर सरकून मांडीत बसतं, हातात फक्त दोन आखूड टोकं राहतात. तिने पहिल्या दिवशी चार ओळी विणल्या आणि सुई खाली ठेवताना मनगट चोळलं नाही. मी बघत होते म्हणून सांगते.

या एका सुईबद्दल मी जन्मभर तुमची ऋणी राहीन.

पावसाळी पत्रकात तुम्ही पेट्या उघडायला लावल्यात. कपडे खाणारा पतंग स्वतः लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घामाचे, अन्नाचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते. त्यामुळे डांबरगोळ्यांच्या वासावर भिस्त ठेवण्यापेक्षा कपडा धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवणं महत्त्वाचं. शंका असलेले गुंडे पिशवीत बांधून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे. आईच्या पेटीतल्या दोन गुंड्यांना बारीक भोकं होती. ते मी वेगळे केले, बाकीचे फ्रीजरमध्ये गेले. घरातल्यांनी तक्रार केली नाही, हेही नमूद करते.

त्याच पत्रकात सुती धाग्यावर जे लिहिलंत, ते प्रत्येक नव्या विणणाऱ्याने भिंतीवर लावावं असं माझं मत आहे. सुती धागा लोकरीसारखा ताणून परत येत नाही. तो जड असतो, स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, म्हणून नमुना धुऊन टांगून ठेवायचा आणि मगच लांबी मोजायची. रिबवर, म्हणजे काठाच्या ताणणाऱ्या विणीवर, त्यात फार भरवसा ठेवू नये. पुसणी, पिशव्या, बिनबाह्यांचे सैल टॉप, यांना तो उत्तम. ज्यांना घट्ट बसणारा कफ हवा, त्यांना तुम्ही सरळ सुचवलं होतंत की हा धागा घेऊ नका, आणि तेव्हा फळीवर तो भरपूर होता.

बाळांच्या कपड्यांबद्दलची तुमची टीपही अशीच, कामाची. जाळीदार नक्षी दिसायला गोड, पण भोकात बाळाची बोटं अडकतात, म्हणून टोपडं आणि झबलं बंद विणीचं करा, आतल्या बाजूला लांब धागे सोडू नका, बटणाऐवजी जमल्यास विणलेलीच पट्टी ठेवा. माझ्या मैत्रिणीने केमोथेरपी चालू असलेल्या तिच्या बहिणीसाठी टोपी करायची ठरवली, तेव्हा मी तिला तुमचंच पत्रक दिलं. डोक्याची कातडी त्या काळात नाजूक होते, टोचणारी लोकर नको, मऊ सुती किंवा बांबूचा धागा घ्या, आणि शिवण येऊ नये म्हणून टोपी गोलातच विणा. तिने तशीच केली. बहीण ती झोपतानाही काढत नाही, असं मैत्रीण सांगते.

उरलेल्या लोकरीचा तुमचा हिशोब तर मी आता सगळ्यांना सांगत सुटते. लेबलवर १०० ग्रॅमला ४०० मीटर लिहिलं असेल आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेला गुंडा २५ ग्रॅम भरला, तर हाती १०० मीटर आहेत. आणि कोपऱ्यापासून विणायची चौकोनी ओढणी: दोन-तीन टाक्यांनी सुरुवात, सगळ्या ओळी सुलट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचं. गुंड्याचं वजन निम्म्यावर आलं की त्याच गतीने घटवायला लागायचं. नमुना नको, मोजणी नको, धागा कमी पडायची धास्ती नको. मऊ लोकरीच्या एका मोठ्या लडीत आईने ती केली, शेवटच्या ओळीनंतर हातात वीतभर धागा उरला होता. ती खूप वेळ तो बोटाला गुंडाळत बसली होती.

निळा स्वेटर थंडीच्या आधी पूर्ण झाला. राखाडी बाह्या बघून लोक विचारतात की ही कल्पना कोणाची, आणि आई तुमचं नाव घेते.

आता तिने तुमच्या हिवाळी पत्रकातली गोल शाल मनावर घेतली आहे, विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, या एका गोष्टीवर ती अख्खी शाल उभी आहे. ९ टाक्यांनी सुरुवात, मग दुप्पट करून १८, तीन फेऱ्या सरळ, ३६, सहा फेऱ्या, ७२, बारा फेऱ्या, आणि असंच पुढे. मध्ये कुठेही वाढ नाही, त्यामुळे त्या फेऱ्यांत हवी ती नक्षी घालता येते. तुम्ही खाली लिहिलंत की गणिताची भीती वाटणाऱ्यांनी ही शाल नक्की करावी. आई गणिताला कधीच घाबरली नाही, पण तिला इतकी सोपी युक्ती आवडली. सध्या ती १४४ वर आहे. तिचा प्रश्न असा की ५७६ टाक्यांच्या फेरीला ८० सेंटिमीटरची वायर पुरेल की लांब घ्यावी लागेल, आणि दर ४८ टाक्यांनी खुणेसाठी कडी लावली तर चालेल ना. शनिवारी दुपारी आम्ही दोघी येतो. ती स्वतः येते आहे, जिना चढून, आणि तिला पहिल्यांदा दुकान बघायचं आहे. फिकट रंगांची फळी खालच्या बाजूला असेल तर बरं.

तुमची,
निळ्या स्वेटरवाली मुलगी