रविवारी केळकर संग्रहालय : नावं शुक्रवारपर्यंत कळवा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी पावणेदहाला राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या (शुक्रवार पेठ) दारात जमू. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही. मागच्या वेळी त्यात अर्धा तास गेला.

संग्रहालयात काम करू म्हणणाऱ्यांनी हे बघायलाच हवं. दिनकर केळकर या एका माणसानं फिरफिरून दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारकडे सोपवलं.

– तिकीट ज्याचं त्यानं काढायचं.
– प्रत्येकानं एक वस्तू निवडून तिच्यासाठी चार ओळींची पाटी लिहायची. ‘अप्रतिम’, ‘सुंदर नक्षीकाम’ चालणार नाही. अडकित्ता कुणाच्या हातात असायचा, ते लिहा.
– नंतर चहाला, एका विश्वस्त संस्थेत कार्यक्रमप्रमुख राहिलेल्या आपल्या ताई बोलतील. पगाराचंही विचारा, त्या लपवत नाहीत.