आधी नोकरी कुठे केली, हेही विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘विराट’ ही विमानवाहू नौका २०२० साली अलंगला तोडण्यासाठी आणली, तेव्हा आमच्या घरी ती बातमी हळहळत वाचली गेली. मला मात्र थोरल्या काकांचा खोकला आठवला.

काका दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर, म्हणजे जहाजाच्या बॉयलरवर काम करणारे खलाशी, होते. त्या काळच्या जहाजांत बॉयलर आणि वाफेच्या नळ्या यांच्यावर अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे जाड वेष्टन असे, कारण ते पेट घेत नाही आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. नळी गळू लागली की ते छिन्नीने खरवडून काढायचे, जोड आवळायचा आणि ओला लगदा पुन्हा थापायचा. ‘पिठाच्या गिरणीवाल्यासारखे पांढरे होऊन वर यायचो,’ असे काका हसत सांगत. तोंडाला साधे फडकेही नसे. ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील धुळीविषयी १९३१ मध्येच नियम केले होते, हे मला फार उशिरा कळले.

१९८२ मध्ये काकांच्या छातीत पाणी झाले. वडोदऱ्यातील एका रुग्णालयात आठ महिने क्षयाची औषधे चालली. पाणी काढावे, तर पुन्हा भरे. विडी ओढता का, हे प्रत्येकाने विचारले (ते सुपारीचे खांडही तोंडात टाकत नसत), पण तरुणपणी काय काम केले, हे कोणीही विचारले नाही. अखेर मुंबईत तुकडा काढून तपासला, तेव्हा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, निघाला. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ श्वासावाटे आत गेल्यावर हा रोग बहुधा वीस ते पन्नास वर्षांनी डोके वर काढतो.

महायुद्धातले खलाशी आता जवळजवळ उरलेले नाहीत. मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे जहाजांवर तेच वेष्टन चढत राहिले, आणि गोदीत ते काढणारे फिटर व अलंगला जुनी जहाजे तोडणारे मजूर आज आपल्यातच आहेत. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर, ठेवण्यास सांगितले. परंतु नोंद एका गावी आणि रुग्ण दुसऱ्या गावी, अशी स्थिती असेल तर तिचा उपयोग काय? म्हणून डॉक्टरांनी केसपेपरवर आजवरच्या सगळ्या नोकऱ्या लिहून घ्याव्यात, एवढीच विनंती आहे. काकांच्या केसपेपरवर व्यवसायापुढे ‘निवृत्त कारकून’ एवढेच लिहिलेले होते.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा