मंत्रीमहोदय, आमच्या आबांच्या आवाजाला कुलूप कुणी घातलं?

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
मंत्रालय, मुंबई

विषय : शासनाने काढलेल्या ब्ल्यू-रे डिस्कमधून माझ्याच वडिलांचा आवाज बाहेर काढायला परवानगी मिळणेबाबत, आणि मिळत नसेल तर का नाही ते कळणेबाबत.

साहेब, सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाचं पत्र पोस्टानं आलं. कार्यालयाचं नाव घालत नाही, तिथल्या क्लार्क बाईंनी निदान उत्तर तरी दिलं, उगाच त्यांना मेमो नको. पत्रात दोनच परिच्छेद आहेत. पहिल्यात लिहिलंय की सदर चित्रीकरणाची मूळ प्रत या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही, तरी आपणाकडे असलेल्या डिस्कचा वापर करावा. दुसऱ्यात लिहिलंय की सदर डिस्कमधील आशयाची कोणत्याही स्वरूपात प्रत काढणे हा कायद्याने गुन्हा असून आपणाविरुद्ध कारवाई होऊ शकते, याची नोंद घ्यावी. नोंद घेतली साहेब. मूळ तुम्ही हरवलंत, नक्कल माझ्याकडे आहे ती मी उघडायची नाही, आणि वर "वापर करावा". वापर म्हणजे काय करू, हळदीकुंकू वाहू का डिस्कला?

आता मुळापासून सांगतो. आमचे आबा शाहीर. शिवाजी पेठेत कुणालाही विचारा. शाहू महाराज आणि राधानगरीचं धरण ह्यावरचा त्यांचा पोवाडा, शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळा त्यांचा. काही वर्षांपूर्वी लोककलावंतांचं दस्तऐवजीकरण म्हणून एक सरकारी प्रकल्प निघाला, मुंबईहून एचडी कॅमेरे आले, आबांनी फेटा बांधून ३८ मिनिटं उभं राहून पोवाडा म्हटला, एका फॉर्मवर सही घेतली गेली (त्या फॉर्मची प्रत मागितली तर तीही अभिलेखात आढळून येत नाही). मग मोठा कार्यक्रम झाला, शाल, श्रीफळ, आणि मखमली डबीतली एक ब्ल्यू-रे डिस्क (दिसायला डीव्हीडीसारखी, पण तिला वेगळाच प्लेअर लागतो). स्टेजवरून माईकवर सांगितलं की सगळं चित्रीकरण वेबसाइटवर टाकू, प्रत्येक कलावंताच्या घरी पेन ड्राइव्ह पोच करू. टाळ्या झाल्या. वेबसाइट नाही, पेन ड्राइव्ह नाही, आणि जत्रेत नारळ वाटावेत तशा डिस्का वाटल्या, घेणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात ब्ल्यू-रे प्लेअर आहे का एवढं विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. शाहीर, वासुदेव, धनगरी ओव्या म्हणणारी म्हातारी माणसं, त्यांना ब्ल्यू-रे! पत्र्याच्या घरात!

आबांनी ती डिस्क हयातीत एकदाच बघितली, माझ्या भाच्याच्या जुन्या प्लेस्टेशनवर. आधी खात्याचं बोधचिन्ह, मग तेव्हाच्या मंत्रीमहोदयांचं मनोगत (तुम्ही नव्हता तेव्हा, तुमच्या आधीचे), ते पुढं ढकलता येत नाही, बटण दाबलं की स्क्रीनवर फुलीचं चिन्ह येतं, डिस्क बनवतानाच ती सोय बंद करून ठेवलेली. आबा पंधरा मिनिटं गप बसले आणि म्हणाले, "आरं, माज्या आधी ह्यो कोण गातोय?"

आबा गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला पोवाडा लावायचा म्हटलं, आणि २६ जूनला शाहू जयंतीला तालमीनं मागितला होता, मिरवणुकीत स्पीकरवर लावायला. साधी गोष्ट वाटते ना? मला नुसता आवाजाचा ट्रॅक पाहिजे होता. राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानांतून फिरलो, निम्म्या पोरांना ब्ल्यू-रे म्हणजे काय हे माहीत नाही, एकजण म्हणाला काका डीव्हीडीच असणार ती, निळी दिसते म्हणून तुम्हाला वाटतंय. शेवटी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला, दहा हजाराच्या घरात गेला तो, आणि डिस्क घातली.

काय दिसतं ते सांगतो, कारण तुमच्या खात्यात हे कुणी उघडून बघितलं असेल असं वाटत नाही. बीडीएमव्ही नावाचं फोल्डर, त्यात प्लेलिस्ट आणि स्ट्रीम, स्ट्रीममध्ये ००००१, ००००२ असे आकडे घातलेल्या एमटूटीएस फायली, म्हणजे चित्र आणि आवाज ठेवलेल्या. कुठली फाईल कुठल्या क्रमानं लावायची ते प्लेलिस्टमध्ये लिहिलेलं असतं. आबांची फाईल मला आकारावरनंच ओळखू आली. डबल क्लिक केलं तर काळा पडदा आणि खरखर. कारण सगळं एएसीएस नावाच्या कुलपात. घरी बर्न केलेल्या डिस्कला हे कुलूप लागत नाही, पण कारखान्यात छापून घेतलेल्या ब्ल्यू-रेला ते लावणं ह्या फॉरमॅटच्या नियमातच आहे. हॉलिवूडच्या कंपन्यांनी त्यांच्या सिनेमांची चोरी होऊ नये म्हणून बनवलेलं कुलूप, ते तुम्ही सरकारी पैशानं शिवाजी पेठेतल्या शाहिराला लावलंत! साध्या डेटा डीव्हीडीवर फाईल टाकून दिली असती तरी चाललं असतं, पण टेंडरमध्ये हाय डेफिनिशन लिहिलेलं असणार, मग छापा, मग बिल काढा.

कार्यालयात फोन केला तर एक साहेब म्हणाले, "टीव्हीसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करून घ्या की, कोण बघायला येतंय." म्हणजे सरळ काढली तर चोरी आणि मोबाईल धरून काढली तर चालतंय. लई भारी.

मोबाईल काही धरला नाही, एका ओळखीच्या पोरानं डिस्कमधूनच आवाज काढून दिला. कसं केलं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. घरी आणून लावलं आणि पहिल्या कडव्यातच आईनं मान हलवली. आबांचा सूर काळी चार, हा तर पांढरी पाचकडे घसरलेला. झालं होतं असं की आपल्याकडचं चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं, त्यानं कन्व्हर्ट करताना २४ ठेवलं, म्हणजे सगळंच चार टक्क्यांनी हळू, आवाजही त्याच्याबरोबर ताणला गेला आणि सूर खाली बसला. वर १२८ केबीपीएसची एमपीथ्री, म्हणजे फार दाबून लहान केलेला आवाज, त्यात डफाच्या थापेची धार गेली, तुणतुण्याची तार पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी. आबांमागं चाळीस वर्षं झील धरणारे काका ऐकायला आले होते, ते म्हणाले, "ह्यो आवाज न्हाई त्येंचा. बंद कर." आणि चहा न घेता उठून गेले. साहेब, त्या रात्री मला झोप लागली नाही हे तुम्हाला सांगून काय उपयोग म्हणा, तुमच्याकडे झोपेचा अर्ज करायचा नमुना नसेल.

प्लेस्टेशनवर तोच पोवाडा लावा आणि कान देऊन ऐका. तिसऱ्या कडव्याच्या आधी आबा खाकरतात, आणि डफाच्या कडेला त्यांची चांदीची अंगठी लागते, टिक् असा बारीक आवाज येतो, प्रत्येक जोराच्या थापेला. लहानपणी तो आवाज आला की आम्हाला कळायचं आबा आता रंगात आले. तो डिस्कमध्ये आहे, एमपीथ्रीत नाही. मला तो टिक् पाहिजे.

आणि हे काही चंद्रावर जायचं काम नाही हो. ट्रॅक काढणं वेगळं आणि कन्व्हर्ट करणं वेगळं. काढताना काहीच बदलत नाही, चित्राचा ट्रॅक, आवाजाचा ट्रॅक, जसाच्या तसा उचलून एमकेव्हीसारख्या दुसऱ्या डब्यात ठेवायचा, एक बिटसुद्धा इकडचा तिकडं होत नाही. डिस्कवरचा आवाज बिनदाबलेला पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल. ३८ मिनिटांचे होतात साधारण साडेसहाशे एमबी. फ्लॅकमध्ये दाबला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, तेही काही न गमावता. आबांचा अख्खा पोवाडा, अंगठीसकट, व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या महिन्याभराच्या जागेत मावतो. तुमच्या प्रकल्पाच्या एकेका डिस्कचे ५० जीबी धरले तरी वीस डिस्का एका टेराबाइटमध्ये बसतात, म्हणजे शर्टाच्या खिशात. तेवढं जपायला कार्यालयाला जमलं नाही, पण कारवाईची धमकी द्यायला लेटरहेड सापडलं.

आता कायदा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घातलं, कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पत्रात हेच कलम मला दाखवलंय. पण साहेब, कलम पूर्ण वाचायचं असतं. त्यात हक्कभंग करण्याच्या हेतूनं असं लिहिलंय, आणि लगेच खाली लिहिलंय की ह्या कायद्यानं स्पष्ट मना केलेलं नाही अशा कामासाठी केलं तर हे कलम लागत नाही. कलम ५२ मध्ये खाजगी वापराला मुभा आहे. कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क ५० वर्षं. आणि काव्य ज्याचं त्याचा हक्क तो गेल्यावरही ६० वर्षं वारसांकडे राहतो. चित्रीकरण तुमचं, मान्य. पण शब्द, चाल, गळा आबांचा आणि आबांचा वारस मी, म्हणजे पोवाड्याचा मालक मी आणि चोरही मीच! असली मालकी तुम्हाला लखलाभ. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकलाय, दहा रुपयाचं तिकीट लावून. त्या २००५ च्या कायद्यात नागरिकाला माहिती फ्लॉपीवरसुद्धा मागता येते असं छापलंय, म्हणून मी अर्जात फ्लॉपी नको असं मुद्दाम लिहिलं, नाहीतर साडेसहाशे एमबीसाठी साडेचारशे-पाचशे फ्लॉप्या पाठवाल आणि त्यातल्या दोन अभिलेखात आढळून येणार नाहीत.

हे फक्त माझं रडगाणं नाही. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्ल्यू-रे बनवणंच बंद केलं. म्हणजे तुम्ही ज्या वस्तूत आमच्या लोककला "जतन" केल्यात ती वस्तूच आता जायच्या वाटेवर. ज्यांच्या घरी २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरलं त्यांच्या डिस्कांचं काय झालं ते कुणी विचारलंय? आणि हे कुठं चाललंय, तर कोल्हापुरात. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला स्वतः कॅमेरा बनवून जिथं सिनेमा काढला त्या गावात. त्यांचे मूकपट आज कुठं बघायला मिळतात सांगा. देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले म्हणतात, शिल्लक राहिले मोजके, आणि ते नायट्रेटचं फिल्म होतं, जळायचं, एक वेळ समजून घेऊ. पण तुमच्याकडचं मूळ चित्रीकरण, आजच्या काळातली हार्ड डिस्क, ती कशी हरवते? प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, जयप्रभा स्टुडिओसाठी लोक किती भांडले, केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, बघायला सगळे आले, भाषणं झाली, वारसा वारसा म्हणून सगळ्यांचे गळे दाटले. हायकोर्टाच्या सर्किट बेंचला चाळीसेक वर्षं घालवली आमची. इथं काही मागायचं म्हणजे आधी मोर्चा काढायचा, मग कुणाच्या तरी पाया पडायचं, मग फोटोत उभं राहायचं. कलावंत जिवंत असताना मानधनासाठी हयातीचा दाखला मागता, आणि गेल्यावर त्याच्या आवाजासाठी मला वारसाचा दाखला मागाल, तोही देईन, सेतूत रांगेला उभं राहून देईन, पण देऊन पुढं काय? पुढच्या टेबलावर साहेब मीटिंगला गेलेत.

सांगायचं एवढंच, त्या प्रकल्पातल्या सगळ्या कलावंतांच्या घरच्यांना चित्र आणि आवाज बिनकुलपाच्या फायलींत द्या. तुमच्याकडे मूळ नसेल तर डिस्क आम्ही देतो, तुमच्या माणसानं समोर बसून काढून द्या. करवीर नगर वाचन मंदिरात एक हार्ड डिस्क ठेवा, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. आणि ज्या ठेकेदारानं मास्टर, म्हणजे मूळ प्रत, तुमच्याकडे जमा केला म्हणून बिल उचललं त्याला एकदा फोन करा, बिल तरी अभिलेखात असेलच.

एक महिना वाट बघतो. उत्तर आलं नाही तर मी आबांचा ट्रॅक स्वतः काढणार. कलम ६५अ मध्ये असंही लिहिलंय की दुसऱ्याला कुलूप काढायला जो मदत करतो त्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण लिहून ठेवायचं. मदत करणारा पोरगा वही घेऊन बसणार आहे. नाव माझं, पत्ता अर्जावर आहे तोच, कारण : वर्षश्राद्ध. कारवाई करायची असेल तर सकाळी दहाच्या आत या, नंतर मी दुकानात असतो.

आपला,
एका शाहिराचा मुलगा,
शिवाजी पेठ, कोल्हापूर

ता. क. उत्तर पीडीएफमध्ये पाठवणार असाल तर कृपया पासवर्ड घालू नका.