लंडनची जळलेली थिएटरं दाखवणाऱ्या काकूंना, कोल्हापुरातून

काकू,

व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू म्हटलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, फोनवर म्हटलं तर "जेवलास का" विचारून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांच्या समोरच लिहितोय, बघू कुठं पळता ते.

जे ओळखत नाहीत त्यांना सांगतो. काकू म्हणजे माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रिणीची नणंद, म्हणजे तसं बघायला गेलं तर कुणीच नाही आणि कोल्हापूरच्या हिशोबानं घरचीच. माहेर मंगळवार पेठेतलं, लग्न करून लंडनला गेल्या आणि कितीतरी वर्षं तिथल्या एका थिएटरात डोअरकीपर आहेत. तिकीट बघायचं, सीट दाखवायची, इंटरव्हलला आईस्क्रीम विकायचं, आणि आग लागली तर माणसं बाहेर काढायची. हे शेवटचं काम त्या सगळ्यात आधी सांगतात.

मी आर्किटेक्चरला आहे, कॉलेजची स्टडी टूर होती लंडनला. सरांची लिस्ट ठरलेली होती, टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, सेंट पॉल्स, साउथ बँकचं नॅशनल थिएटर वगैरे. ते सगळं बघितलं, फोटो काढले, स्केचेस केली, त्याबद्दल तक्रार काही नाही. (अ‍ॅबीत लॉरेन्स ऑलिव्हिए आणि डेव्हिड गॅरिक ही नटमंडळी राजेलोकांच्या शेजारी पुरलेली बघून मात्र भारी वाटलं.) पण मी मनात वेगळंच घेऊन गेलो होतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं त्या रात्री, नाटकाशी काडीचा संबंध नसलेली माणसं पण रडत होती. ज्या स्टेजवर मी बालनाट्यात झाड झालो होतो ते स्टेज गेलं. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न, जळालेलं थिएटर परत बांधायचं म्हणजे नक्की काय बांधायचं? होतं तसंच? का होतं तसं दिसणारं पण आतून नवीन? का सरळ वेगळंच काहीतरी?

हे मी तुमच्या किचनमध्ये चहा पिताना सहज बोललो आणि तुम्ही म्हणालात, "मग तू बरोबर गावात आलायस, इथलं एकेक थिएटर जळून बसलंय." आणि पुढचे सगळे मोकळे दिवस, तुमची सुट्टी, मॅटिनी आणि संध्याकाळच्या शोच्या मधला वेळ, सगळं माझ्यावर घातलंत. बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून डब्यातली थालीपीठं खात खात जी काय लेक्चर्स झाली ती कॉलेजच्या फीमध्ये मिळत नाहीत ओ.

पहिल्यांदा ग्लोबला नेलंत. शेक्सपिअरचं थिएटर म्हणून सगळे जातात, पण तुम्ही आत शिरायच्या आधीच छपराकडं बोट दाखवलंत. गवताचं छप्पर, १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये पहिल्यांदाच परवानगी मिळालेलं, आणि त्या गवतातून पाण्याचे स्प्रिंकलर डोकावतायत. कारण मूळचं ग्लोब १६१३ मध्ये नाटक चालू असताना जळलं, स्टेजवरची तोफ उडवली, ठिणगी छपरात गेली आणि तासाभरात खेळ खल्लास. बाहेर पडायला दोनच अरुंद दारं होती असं त्या वेळच्या एका पत्रात लिहिलंय, तरी माणसं वाचली. एकाच्या चड्डीला आग लागली ती त्यानं बिअर ओतून विझवली म्हणे! हे तुम्ही इतकं रंगवून सांगितलंत की पुढं उभे असलेले दोन जपानी टुरिस्ट काही न कळता हसायला लागले.

आत्ताचं ग्लोब १९९७ चं, म्हणजे माझ्यापेक्षा थोडंसंच मोठं. सॅम वानामेकर नावाच्या एका अमेरिकन नटानं त्यासाठी आयुष्याची वर्षानुवर्षं घातली आणि ते पुरतं उघडायच्या आधी, १९९३ ला, तो गेला. मूळ जागेपासून थोडं बाजूला, ओकचं लाकूड, सांध्यांना लाकडी खुंट्या, भिंतीला चुन्याचा गिलावा. होतं तसंच बांधलंय असं सगळे म्हणतात, पण तुम्ही मला जिने आणि एक्झिट मोजायला लावलेत. जुन्या ग्लोबमध्ये तीनेक हजार माणसं कोंबायचे, आता साधारण त्याच्या निम्मी घेतात. म्हणजे होतं तसंच म्हणायचं, पण दारं आजची. हे एक वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

आणि मग तुम्ही मला यार्डात, म्हणजे स्टेजसमोरच्या उघड्या अंगणात उभं केलंत, सगळ्यात स्वस्त तिकिटात. अख्खं नाटक उभं राहून. खाली बसलो की लगेच तुमच्यासारखीच एक बाई येऊन उठवायची, छत्री उघडायची नाही, पाऊस आला तर भिजायचं. तुम्ही रेनकोट दिलात आणि स्वतः वर बाकावर छान उशी घेऊन बसलात! पाय गेले पण एक सांगतो, नट बोलताना डोळ्यात डोळे घालून बोलत होता, एवढ्या जवळून मी आपल्याकडं फक्त सोंगी भजन बघितलंय. इंटरव्हलमध्ये तुम्ही सांगितलंत की २०१२ ला इथं ३७ भाषांत शेक्सपिअर झाला, हिंदी होती, गुजराती होती, बंगाली होती. मराठी? नव्हती. शेक्सपिअर एवढा घरचा करून घेतलेली आपली रंगभूमी आणि आपणच नाही, दोघांचंही तोंड जरा वाकडं झालं तेव्हा.

तिथून चालत पाच मिनिटांवर 'रोज' नावाचं थिएटर. हे मला माहीतच नव्हतं. १५८७ चं थिएटर, १९८९ ला ऑफिसच्या बिल्डिंगचं काम चालू असताना त्याचा पाया सापडला, नटांनी रस्त्यावर उतरून ते वाचवलं, आणि आता वर ऑफिस आणि खाली तळघरात ते थिएटर वाळू आणि पाण्याखाली झाकून ठेवलंय, कारण उघडं ठेवलं तर वाळून चिरा पडतील. दिसतं काय, तर अंधारात पाण्यावर लाल दिव्यांची एक रेघ, इथं स्टेज होतं, इथं भिंत होती. बास. काही बांधलंच नाही. मला विचाराल तर लंडनमधली सगळ्यात प्रामाणिक जागा ती. पण कोल्हापुरात हे चालणार नाही, आम्हाला तिसरी घंटा पाहिजे.

ड्रुरी लेनची गोष्ट तर मी इथं आल्यावर जो भेटेल त्याला सांगतोय. १६६३ पासून त्याच जागेवर थिएटर. १६७२ ला जळलं. परत बांधलं. मग १७९१ ला पाडून अजून मोठं बांधलं आणि १७९४ च्या उद्घाटनाला काय मिरवलं, तर आमच्याकडं स्टेजवरची आग प्रेक्षकांकडं येऊ न देणारा लोखंडी पडदा आहे आणि छपरावर पाण्याच्या टाक्या आहेत, आम्हाला आग काही करू शकत नाही! १८०९ ला खाक. मालक शेरिडन नाटककार पण आणि खासदार पण, तो समोरच्या कॉफी हाउसमध्ये ग्लास घेऊन बसला होता, कुणीतरी टोकलं तर म्हणाला म्हणे, माणसाला स्वतःच्या शेकोटीशेजारी बसून वाइन प्यायला काय हरकत आहे. आत्ताची इमारत १८१२ ची. लॉबीत एका बाजूच्या दारावर किंग्ज साइड आणि दुसऱ्या बाजूला प्रिन्सेस (म्हणजे राजपुत्राची) साइड लिहिलंय, कारण राजाचं आणि त्याच्या पोराचं पटत नव्हतं. आपल्याकडं नाटक कंपन्या फुटायच्या, तिथं दारं फुटली.

पण काकू, खरं शिकवलंत ते तुम्ही तुमच्या स्वतःच्या थिएटरात. शो संपल्यावर मॅनेजरला विचारून मला वर गॅलरीत नेलंत. तिकडं जायचा रस्ताच वेगळा, बाजूच्या बोळातून, अरुंद जिना, कारण जुन्या काळी स्वस्त तिकिटवाल्यांनी मेन दारातून येऊन श्रीमंतांना शिवायला नको. आणि मग तुम्ही एक्झिटर नावाच्या गावातल्या थिएटरबद्दल बोललात. १८८७, नाटक चालू असताना आग, १८६ माणसं मेली, त्यातली बहुतेक गॅलरीतली, कारण त्यांना उतरायला जिना एकच आणि तो तुंबला. खालचे वाचले. त्यानंतर इंग्लंडमध्ये थिएटरचे कायदे कडक झाले, लोखंडी पडदा सक्तीचा झाला आणि तो चालतो हे प्रत्येक प्रयोगाला प्रेक्षकांसमोर खाली आणून दाखवायचा. इंटरव्हलला तो खाली येताना लोक आईस्क्रीम खात असतात, कुणी वर बघत पण नाही. तुम्ही बघता. मी पण आता बघतो.

स्वस्त तिकिटवाला आधी मरतो, हे कुठल्या टेक्स्टबुकात नाही वाचलं मी.

सॅव्हॉय थिएटरला आत जायला मिळालं नाही, बाहेरूनच. १८८१ मध्ये सगळं विजेवर उजळणारी जगातली पहिली पब्लिक बिल्डिंग ती, आणि १९९० ला रिनोव्हेशन चालू असताना जळली. परत बांधताना त्यांनी १८८१ चं नाही, १९२९ चं रूप परत आणलं, १९९३ ला उघडलं. म्हणजे कुठल्या सालातलं थिएटर परत आणायचं हा पण एक प्रश्नच, नाही का. आपलं केशवराव १९१५ चं, पण लोकांच्या आठवणीतलं केशवराव नंतरचं आहे, मधे किती बदल झाले त्यात.

शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला मी एकटा गेलो, ट्रेनचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवायला लावलंत म्हणून परवडलं. तिथलं थिएटर १९२६ ला जळलं तेव्हा नाटककार बर्नार्ड शॉनं अभिनंदनाची तार केली होती, इतकं ते त्याला आवडत नव्हतं. असा एक शॉ आमच्याकडं पण पाहिजे होता खरं, निदान एक वाद तरी चांगला झाला असता. १९३२ ला नवीन बांधलं, मग परत २०१० च्या सुमारास आतून पूर्ण बदललं, पूर्वी सगळ्यात लांबचा प्रेक्षक २७ मीटरवर होता, आता १५ वर. बाहेरचं कवच तेच, आतलं अंतर वेगळं. आणि जुन्या स्टेजच्या फळ्या फेकल्या नाहीत, फॉयरच्या जमिनीत बसवल्या. मी बूट काढून त्यावर उभा राहिलो, लोक बघत होते, बघू देत. आपल्याकडं स्टेजवर चपला घालून जात नाहीत.

आणि तो एक दिवस ज्याचा थिएटरशी काही संबंध नव्हता. तुम्ही म्हणालात लंडनला आलास आणि बाबासाहेबांच्या घरी गेला नाहीस तर कोल्हापूरला कुठल्या तोंडानं जाशील. १० किंग हेन्रीज रोड. ते राहायचे ती खोली, पुस्तकं, खालच्या मजल्यावर शांत बसलेली माणसं. परत येताना बसमध्ये तुम्ही शाहू महाराजांचं सांगत होतात, १९०२ ला इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी महाराज इकडं आले होते आणि ५० टक्के आरक्षणाचा हुकूम ते इंग्लंडमध्ये असतानाच निघाला. त्याच दौऱ्यात रोम बघितलं आणि परत येऊन कुस्तीचं खासबाग मैदान आणि शेजारी पॅलेस थिएटर उभं केलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पॅलेस थिएटर म्हणजेच आपलं केशवराव. म्हणजे कोल्हापूरचा एक माणूस परदेशात थिएटरं बघत फिरला म्हणून मुळात ते झालं. तुम्ही हे बोललात आणि खिडकीतून बाहेर बघायला लागलात, मला काय बोलायचं सुचलं नाही तेव्हा. आत्ता बोलतो, थँक्यू काकू. जेवणासाठी, बेडशीटसाठी, पावसात तुमचा रेनकोट मला देऊन स्वतः ओढणी डोक्यावर घेतलीत त्यासाठी, आणि स्टेजकडं पाठ करून आधी दारं बघायची सवय लावलीत त्यासाठी.

आता कामाचं. माझ्या थिसिसचा विषय पास झाला, केशवरावची दारं आणि जिने. बाल्कनीतला माणूस खालच्याच्या बरोबरीनं बाहेर पडला पाहिजे, एवढंच डिझाइन, वरची नक्षी कुणीही करेल. सर म्हणाले विषय छोटा आहे, मी म्हटलं राहू दे छोटा. त्यासाठी मला तुमच्या गॅलरीच्या जिन्याची रुंदी पाहिजे, मी मोजली होती पण ते पान भिजलंय, सुट्टीच्या दिवशी नको, ड्युटीवर असताना टेप लावा, आणि पायरीची उंची पण घ्या. कांदा लसूण चटणी आईनं करून ठेवलीय, पुढच्या महिन्यात सरांचा भाऊ येतोय तिकडं त्याच्याबरोबर देतो, दोन किलो आहे, शेजारच्या पंजाबी काकूंना निम्मी द्या असं आईनं सांगितलंय.