ज्याचं नाव नेहमी दुसरं पुकारलं गेलं

प्रिय जोडीदारा,

आपण स्पर्धा सोडल्याचं जाहीर केलं तेव्हापासून लोक आपले जुने फोटो पाठवतायत. प्रेमाने पाठवतात, मला आवडतं. पण जवळपास प्रत्येक फोटोत मी पूर्ण दिसते आणि तू कोपरापाशी नाहीतर कपाळापाशी कापला गेलायस. पेअर स्केटिंगमध्ये, म्हणजे मुलगा-मुलीच्या जोडीने बर्फावर करायच्या फिगर स्केटिंगमध्ये, हे असंच चालत आलंय. निवेदक आधी मुलीचं नाव घेतो, मग मुलाचं, आणि कॅमेरा हवेत जाणाऱ्या माणसाच्या मागे जातो. म्हणून हे पत्र चार लोकांसमोर लिहितेय. तू खाली राहून काय करत होतास ते लोकांना एकदा नीट कळायला हवं, आणि मला तुझे आभार मानायचे आहेत.

लिफ्टपासून सुरू करते. बघणाऱ्याला वाटतं, दणकट मुलगा हलक्या मुलीला उचलतो, झालं. ताकद लागतेच, पण उचलून उभं राहायचं नसतं. तू वेगात सरकत असायचास, एका पायावरून दुसऱ्या पायावर वळत, ब्लेडची कड (एज) बदलत, स्वतःभोवती फिरत. नियमाने मुलाला साडेतीनपेक्षा जास्त फेऱ्या घेता येत नाहीत. तेवढ्यातच मी वर पोझिशन बदलायची, हाताची पकड बदलायची, कधी तुझ्या एकाच हातावर राहायची, कारण त्याशिवाय वरची लेव्हल, म्हणजे अवघडपणाची वरची श्रेणी, मिळत नाही. म्हणजे माझं वजन प्रत्येक क्षणी वेगळ्या जागी. ते सगळं तुझ्या मनगटातून, खांद्यातून आणि पाठीतून खाली चार मिलिमीटर जाडीच्या ब्लेडवर उतरायचं. आणि तुला माझ्याकडे बघत बसायची सोय नसायची. माझं अंग जरा जरी डावीकडे कललं तरी तुझ्या तळहाताला ते माझ्याआधी कळायचं, आणि तू पाय सरकवून पुन्हा नेमका माझ्याखाली आलेला असायचास. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे ते माझ्या ताणलेल्या पायाला.

आपण एकत्र आलो तेव्हा मी एकेरीतून आले होते. उड्या चांगल्या होत्या, वेगही होता, पण सगळा स्वतःपुरता. ट्रायआउटला, म्हणजे जोडी जमते का ते बघायच्या चाचणीला, तू एकही लिफ्ट केली नाहीस. नुसतं हात धरून रिंकला फेऱ्या मारू या म्हणालास. तुझे पाय लांब, माझी पावलं छोटी. सुरुवातीला तू तुझा पल्ला माझ्याएवढा केलास. माझा पाय तुझ्या तालावर पडायला लागला तसा तू पल्ला थोडा थोडा वाढवत नेलास आणि मला त्यात ओढून घेतलंस. पुढे परीक्षक आपल्या वेगाबद्दल आणि एकजीव पावलांबद्दल बोलायचे, त्याचं मूळ त्या कंटाळवाण्या फेऱ्यांमध्ये आहे.

लिफ्ट शिकवताना तू उतरणं आधी शिकवलंस. जमिनीवर, गाद्यांवर, साध्या बुटांत. पकड सुटली तर मी कोणत्या खांद्यावर यायचं, हात कुठे टाकायचे, तू त्या वेळी कुठे असशील. मला तेव्हा ते उलटं वाटायचं. आता मी स्वतः लहान मुलींना शिकवते, तेव्हा त्याची किंमत कळते. पडायचं कसं हे जिला माहीत आहे ती वर गेल्यावर आखडत नाही, आणि आखडलेली मुलगी धरून ठेवणं सगळ्यात अवघड असतं.

मग ट्रिपल ट्विस्ट. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलगा मुलीला कमरेला धरून डोक्यावर उंच फेकतो, ती हवेत तीन वेळा फिरते, तो तिला पुन्हा कमरेला झेलतो आणि मागे जाणाऱ्या एका पायावर बर्फावर उतरवतो. उत्तम ट्विस्टमध्ये झेलताना मुलीचे हात किंवा धड मुलाच्या अंगाला लागत नाहीत. शिकताना मात्र ती सरळ त्याच्यावर कोसळते. माझी कोपरं तुझ्या भुवईवर, नाकावर, गालाच्या हाडावर बसायची. चेहऱ्यावर कोपर येताना दिसलं की माणूस मागे सरकतो, शरीराचा धर्मच आहे तो. तू मागे सरकला असतास तर मी थेट बर्फावर आले असते. तू डोळे उघडे ठेवून माझ्याखाली उभा राहायचास. वरच्या लेव्हलसाठी तर मला फेकल्यावर हात खाली सोडून पुन्हा वर आणायचे असतात, म्हणजे झेलायला आणखी कमी वेळ. तेही तू केलंस. गुणपत्रिकेवर आपल्या ट्विस्टपुढे चांगले आकडे आले, तेव्हा लोकांनी माझ्या फिरण्याच्या वेगाचं कौतुक केलं. तुझ्या भुवईतले टाके कोणी विचारले नाहीत.

पण तुझे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते एका वाक्याबद्दल. माझी उंची वाढली, अंग भरलं, आणि लिफ्ट जड जायला लागल्या, ते वर्ष आठव. एका सराव शिबिरात एका अनुभवी माणसाने माझ्यासमोरच तुला विचारलं होतं, हिला वजन किती कमी करायला सांगू? मी शेजारी उभी होते आणि जणू नव्हतेच. तू म्हणालास, “हिला काही सांगू नका. माझा जिमचा वेळ वाढवा.” एवढंच. नंतर त्या विषयावर तू ना त्याच्याशी बोललास, ना माझ्याशी.

ज्यांना हा खेळ आतून माहीत नाही त्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही. पेअरमधल्या मुलीच्या वजनाची चर्चा लोक तिच्यादेखत करतात, आणि ती मुलगी जेवण सोडते. जेवण सोडलं की आधी पाळी जाते, मग हाडं कमजोर होतात, मग थ्रो जंपच्या (मुलगा फेकतो आणि मुलगी एकटी उतरते ती उडी) लँडिंगला पायाला बारीक फ्रॅक्चर होतो, आणि मग सगळे म्हणतात बिचारीचं नशीब. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी खेळाडूंच्या या अपुऱ्या उर्जेच्या दुखण्यावर एकत्रित निवेदन काढलं, आणि ते फक्त मुलींना होतं असं नाही हेही सांगितलं. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 वर न्यायचं ठरवलं. मला तो निर्णय मनापासून पटतो. माझ्याबरोबरच्या ज्या मुलींनी खेळ लवकर सोडला, त्यांच्यातल्या काहींना फक्त एक असा जोडीदार हवा होता जो म्हणेल की माझं जिम वाढवा. मला तो मिळाला. मी इतकी वर्षं खेळू शकले आणि आजही माझे गुडघे आणि हाडं धड आहेत, त्यात त्या वाक्याचा वाटा फार मोठा आहे. शिवाय तांत्रिकदृष्ट्याही तुझंच बरोबर होतं. लिफ्टची सुरुवात मुलीच्या उडीतून होते. आपण दोघांनी टायमिंग नव्याने बसवलं आणि त्याच लिफ्ट पहिल्यापेक्षा उंच जायला लागल्या.

पडण्याबद्दल बोलायलाच हवं. ऑक्टोबर 2004 मध्ये पिट्सबर्गच्या स्केट अमेरिका स्पर्धेत रशियाच्या माक्सिम मारिनिनचा लिफ्टमध्ये तोल गेला आणि त्याची जोडीदार तात्याना तोत्म्यानिना डोक्यावर बर्फात आपटली. तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पुढच्या मार्चमध्ये मॉस्कोला ते दोघं जगज्जेते झाले आणि 2006 मध्ये ट्युरिनला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. ही गोष्ट सांगताना सगळे तिच्या धैर्याबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण मला नेहमी मारिनिनचाही विचार येतो. ज्या हातांतून ती निसटली तेच हात त्याला पुन्हा वर करायचे होते, आणि तेही तिला खात्री वाटेल असे.

आपल्यावर तशी वेळ सरावात आली. बर्फातल्या खाचेत तुझं ब्लेड अडकलं. मी खाली येताना एवढंच समजलं की तू मला सोडायच्या ऐवजी घट्ट धरून स्वतःला माझ्याखाली वळवतोयस. तू पाठीवर पडलास, मी तुझ्यावर. तुझा खांदा गेला, मला खरचटलंसुद्धा नाही. नंतर तू काय घडलं ते पायरी-पायरीने मला सांगितलंस: कुठे खाच होती, कोणता पाय होता, पकड कधी हलली. भीती घालवायला इतर लोक धीर देतात. तू कारण सांगितलंस, आणि कारण कळल्यावर भीतीला एक आकार आला, ती सगळीकडे पसरली नाही. खांदा बरा झाल्यावरही तू मला वर जाण्याची घाई केली नाहीस. मी तयार आहे म्हणेपर्यंत थांबलास.

डेथ स्पायरल आणि थ्रोबद्दल फार लिहीत नाही. डेथ स्पायरलमध्ये तू टो-पिक, म्हणजे ब्लेडच्या पुढचे दात, बर्फात रोवून गुडघ्यात बसायचास आणि माझं डोकं बर्फालगत जायचं, तेव्हा माझा सगळा भार तुझ्या एका ताणलेल्या हातात असायचा. तो हात एकदाही वाकला नाही, एवढं पुरे.

तू जिथे थांबलास ती आणखी एक जागा म्हणजे माझ्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळ. मी परत खेळू शकेन की नाही हे कोणीच खात्रीने सांगत नव्हतं, आणि तुला दुसरीकडून बोलावणं आलं होतं. जोडी बदलणं यात काही पाप नाही. सोव्हिएत स्केटर इरिना रोदनिनाची अलेक्सेई उलानोवबरोबरची जोडी 1972 मध्ये सुटली. नवखा अलेक्सांद्र झाइत्सेव तिच्याबरोबर आला, 1973 च्या ब्रातिस्लाव्हाच्या जागतिक स्पर्धेत मध्येच संगीत बंद पडलं, आणि दोघांनी आपला प्रोग्राम संगीताशिवाय पूर्ण करून स्पर्धा जिंकली. तिच्या सलग दहा जागतिक विजेतेपदांतली सहा त्याच्याबरोबरची. तू गेला असतास तर मी तुला दोष दिला नसता. तू रोज रिंकवर येऊन आपला प्रोग्राम एकट्याने करत राहिलास, लिफ्टच्या जागी हात वर धरून, माझ्या उड्यांच्या जागा मोकळ्या सोडून. व्हिडिओ मला पाठवायचास आणि खाली लिहायचास की इथे तू अर्धा ठोका उशिरा येतेस, परत आलीस की बघू. मी परत येणारच असं गृहीत धरून लिहिलेल्या त्या सूचनांनी मला फिजिओथेरपीच्या टेबलवरून उठवलं.

आणि वाईट दिवसांबद्दल. 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये शॉर्ट प्रोग्रामला, म्हणजे पहिल्या दिवसाच्या छोट्या सादरीकरणात, जर्मनीच्या ब्रुनो मासोची ट्रिपल सालको उडी तीनऐवजी दोनच गिरक्यांची झाली आणि त्याची जोडीदार अल्योना सावचेन्को आणि तो चौथ्या स्थानावर गेले. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये, म्हणजे लांबच्या सादरीकरणात, त्यांनी 159.31 गुण मिळवले आणि सुवर्णपदक 0.43 गुणांनी जिंकलं. सावचेन्को 34 वर्षांची होती, तिचं पाचवं ऑलिम्पिक होतं. ते फ्री स्केट आपण किती वेळा एकत्र पाहिलं! तू दरवेळी तोच मुद्दा काढायचास: आदल्या दिवशी काय झालं याचा मागमूस त्यांच्या पहिल्या हात धरण्यात दिसत नाही. तू स्वतः तसाच होतास. शॉर्ट कसाही गेला असो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरावाला तुझा हात त्याच उंचीवर, त्याच पकडीने पुढे यायचा. निकालाची वाट बघत बसायचो तेव्हा गुण चांगले येवोत की वाईट, तू आधी माझ्या ब्लेडवर गार्ड, म्हणजे कव्हर, चढले आहेत का ते बघायचास.

आपण ऑलिम्पिकला गेलो नाही. मला त्याची खंत आहे आणि ती मी लपवणार नाही, तुलाही आहे हे मला माहीत आहे. पण तुझ्यासोबत केलेल्या कामात मला कुठेही कमी वाटत नाही.

आता एक काम आहे. मी शिकवते त्यातल्या एका मुलीने पेअर करायचं ठरवलंय. उडी छान आहे, ट्विस्टला घाबरते. तिचा जोडीदार चांगला मुलगा आहे, पण झेलताना डोळे मिटतो आणि अर्धं पाऊल मागे जातो. मी तिला काय सांगायचं ते सांगू शकते. त्याला मात्र तूच सांगायला हवंस, कारण ते मला वरून कधी दिसलंच नाही. पुढच्या महिन्यात दोघांना तुझ्याकडे पाठवते. हार्नेसची (सरावात पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्याची) दोरी तू धर. आणि त्या मुलाला पहिल्या दिवशी लिफ्ट देऊ नकोस, आधी फेऱ्या मारायला लाव.

तुझी,
वरची