फक्कीची रेष मारणाऱ्या मामांना

मुंबई

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेच्या यंदाच्या हाऊस स्पर्धांची ढाल ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात लागली, विजेत्यांची नावं फळ्यावर लिहून झाली. ज्या फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या, रेषांच्या आत हे सगळं खेळलं गेलं, त्या तुमच्या हातच्या. चारही हाऊसच्या कॅप्टनांच्या वतीने तुमचे आभार मानतो आहे. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंय, कारण तुमच्या कामाचा तपशील नीट मांडला तर दुसऱ्या शाळांतल्या मुलांनाही तो वापरता येईल.

मुंबईत हाऊस स्पर्धांचं वर्ष पावसाच्या कलाने चालतं. जून ते सप्टेंबर मैदानात पाय रुततो, म्हणून तेव्हा वक्तृत्व, समूहगीत, बुद्धिबळ आणि कॅरम. दमट हवेत सगळ्यात आधी बिघडतो तो कॅरम. प्लायला ओल धरते, बोरिक पावडरचे गोळे होतात, स्ट्रायकर अर्ध्यात अडतो आणि ज्यांचा सामना सकाळी पहिला असतो ते उगाच हरतात. बोर्ड भिंतीला तिरके टेकवून ठेवले की त्यांना बाक येतो, तो पुन्हा सरळ होत नाही. तुम्ही ते आदल्या दिवसापासून बाकांवर सपाट, पंख्याखाली ठेवायला लावलेत. सकाळी कोरड्या सुती फडक्याने पुसायचे, पावडर मलमलीच्या कापडातून गाळून चिमूटभरच टाकायची, स्पिरिट लेव्हल उभी आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी ठेवून पाहायची आणि लागेल तिथे पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची. एवढं केलं की पहिला सामना आणि शेवटचा सामना एकाच बोर्डावर झाल्यासारखे होतात.

दिवाळीनंतर मैदान कोरडं होतं आणि तुमचं खरं काम सुरू होतं. खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर. टेपने चारही बाजू मोजल्या आणि त्या बरोबर आल्या, म्हणजे आखणी झाली असं सगळ्यांना वाटतं. पण चौकोन एका बाजूला कलंडला तरी बाजू तेवढ्याच राहतात, कोन मात्र चुकतात. म्हणून तुम्ही कर्ण मोजायला शिकवलंत: खो-खोला ३१.३८ मीटर, मुलांच्या १३ बाय १० च्या कबड्डीला १६.४०, मुलींच्या १२ बाय ८ ला १४.४२. दोन्ही कर्ण सारखे आल्याशिवाय फक्कीच्या डब्याला हात लावायचा नाही. आमच्या वहीत हे तीन आकडे पहिल्या पानावर आहेत.

कबड्डीत मुलांचा सामना संपून मुलींचा सुरू होताना एक चूक हमखास होते. बाहेरच्या रेषा आत घेतल्या जातात आणि निदान रेषा (चढाई करणाऱ्याने ओलांडायलाच हवी ती) जुन्या जागीच राहते. मुलांसाठी ती मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते, मुलींसाठी ३ मीटरवर, आणि बोनस रेषा तिच्यापुढे आणखी १ मीटर. जुनीच निदान रेषा ठेवली तर बोनस रेषेच्या मागे २ मीटरऐवजी जेमतेम सव्वा मीटर जागा उरते, मग बचाव करणाऱ्या मुलींना मागे सरकायला वावच राहत नाही. तुम्ही जुनी रेष आधी झाडूने पूर्ण मोडता, वर पाणी शिंपडता, मग नवी मारता. दोन रेषा अर्धवट दिसत असल्या की पंचांच्या निर्णयावरून वाद होणारच.

खो-खोचे खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटीमीटर उभे असतात. पळणारा गडी खांबाला हात घालून वळतो तेव्हा सगळा भार त्या खांबावर येतो. खड्ड्यात नुसती माती भरली असेल तर तो पहिल्याच डावात डुलायला लागतो. तुम्ही खडी आणि माती थराथराने घालून प्रत्येक थर पहारीच्या मागच्या टोकाने ठोकता आणि खांबावरून हात फिरवून कुसळ लागतं का ते पाहता. हात फिरवण्याची ती सवय आम्हा सगळ्या कॅप्टनांना लागली.

आणि फक्की. कळीचा चुना मैदानावर कधीच नाही, हे तुम्ही सगळ्यांना निक्षून सांगितलंत. तो ओल्या कातडीला भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, आणि कबड्डीत तर मुलं तोंडावर पडतात. खडूसारखी मऊ चुनखडीची भुकटीच आणायची. ती पिठाच्या चाळणीतून काढायची, नाहीतर डब्याची भोकं बुजतात आणि रेष तुटक येते. रेषेची रुंदी ५ सेंटीमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. कबड्डीत रेष मैदानाचाच भाग असते, म्हणून माप बाहेरच्या कडेचं घ्यायचं आणि फक्की आतल्या बाजूला पाडायची.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते ट्रॅकबद्दल. क्रीडादिनाचा २०० मीटरचा ट्रॅक शाळेच्या आवारात मावत नाही. चार लेनसाठी सुमारे ८६ मीटर लांबी आणि ४६ मीटर रुंदी लागते, म्हणून शिवाजी पार्कसारखं मोठं मैदान हवं. तुमचा हिशोब असा: दोन सरळ बाजू ४० मीटरच्या, उरले १२० मीटर दोन अर्धवर्तुळांत. १२० भागिले ६.२८३ (पायची दुप्पट), म्हणजे १९.१० मीटर त्रिज्या. पण धावणारा रेषेवरून धावत नाही, तिच्यापासून थोडा बाहेरून धावतो. त्याचे २० सेंटीमीटर वजा करून आखायची त्रिज्या १८.९०. हे २० सेंटीमीटर विसरले की ट्रॅक २०१ मीटरांच्याही वर जातो. कंसासाठी सुतळी वापरायची नाही, ती पहाटेच्या दवाने ओली झाली की तिची लांबी बदलते. नायलॉनची दोरी ताणली की लांबते. बांधकामाची बारीक तार, मध्यावर ठोकलेली जाड लोखंडी सळई आणि दुसऱ्या टोकाला टोकदार खिळा, एवढंच.

लेन १ मीटर रुंद धरली तर पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनची सुरुवात पहिल्यापेक्षा ६.२८ मीटर पुढे, तिसरीची १२.५७, चौथीची १८.८५. चौथ्या लेनमधला मुलगा एवढा पुढे उभा दिसला की दरवर्षी पालक ओरडतात की हे अन्यायाचं आहे. तुम्ही कोणाशी वाद घातला नाहीत, टेप हातात देऊन मोजून बघा म्हणालात. मोजणाऱ्याला स्वतःलाच कळतं की बाहेरच्या लेनचं वळण तेवढंच लांब असतं.

४ × ५० रिलेला बॅटन देण्याच्या जागा तुम्ही शेवटच्या रेषेपासून उलट मोजत काढता, सुरुवातीपासून नाही. त्यामुळे चूक झालीच तर ती सुरुवातीच्या खुणेवर साचते आणि तिथे लगेच पकडता येते. १०० मीटरच्या खुणेवर फरक निम्मा उरतो: ३.१४, ६.२८, ९.४२. खुणेच्या आधी १० मीटर आणि नंतर १० मीटर असा आपला २० मीटरचा पट्टा. पट्ट्याची सुरुवात आणि शेवट हाऊसच्या रंगाच्या झेंड्यांनी दाखवल्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांनाही कुठे थांबायचं ते कळलं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाल माती उडते आणि रेषा पुसट होतात, म्हणून रिले अकराच्या आत उरकायची हा आग्रहही तुमचाच.

गोळाफेकीचा कोन ३४.९२ अंशांचा असतो आणि तो कोनमापकाने मैदानावर काढता येत नाही. वर्तुळाच्या मध्यापासून १० मीटरवर दोन खुणांमध्ये ६ मीटर अंतर ठेवायचं, कोन आपोआप येतो. लांब उडीची वाळू आदल्या संध्याकाळी खणून ओली करायची, नाहीतर खूण टिकत नाही. टेपचं शून्य कडीच्या बाहेरच्या टोकापासून धरायचं की आतल्या, हे प्रत्येक टेपला वेगळं असतं. म्हणून सगळी मापं एकाच टेपने.

गुणांची पद्धत शाळेची, पण ती पाळली गेली तुमच्यामुळे. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १, सांघिक स्पर्धेला दुप्पट. दोघे दुसरे आले तर दुसऱ्या आणि तिसऱ्याचे गुण मिळवून निम्मे, म्हणजे दोघांना २-२. पंच आणि नोंद करणारे अशा दोघांच्या सहीची चिठ्ठी आल्याशिवाय तुम्ही फळ्यावर आकडा चढवला नाहीत. तोंडी आलेला निकाल कितीही घाईचा असला तरी तो माणूस चिठ्ठीसाठी परत पाठवलात. दिवसअखेरीला चिठ्ठ्या तारेत ओवून कपाटात ठेवल्यात, त्यामुळे एकाही गुणावर भांडण मागे राहिलं नाही.

खेळाडूंना साखर-मिठाचं पाणी देणाऱ्या शाळेतल्या मावशींचेही आभार इथेच मानतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच, आणि मीठ अंदाजाने नाही. प्रत्येक हाऊसच्या तंबूत झाकलेली कळशी आणि पाणी काढायचा वेगळा डाव त्यांनी ठेवला.

पुढच्या वर्षीच्या कॅप्टनांसाठी आम्ही ही सगळी मापं एका जाड वहीत उतरवली आहेत. तार, खिळा, सळई आणि चाळणी गोणपाटात बांधून जिन्याखाली ठेवली आहे. वहीतलं दुसरं पान कोरं सोडलंय. ट्रॅकच्या मध्याच्या दोन खुणा तुम्ही कोणत्या झाडापासून आणि कोणत्या कठड्यापासून मोजता, ते त्यावर तुमच्या हाताने लिहून द्या.

तुमचा,
विद्यार्थी प्रमुख
आणि लाल, निळ्या, हिरव्या व पिवळ्या हाऊसचे कॅप्टन