बुद्धिबळवाल्याचा पहिला प्रोग्राम

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. इतकी वर्षं बुद्धिबळ खेळलास, त्याचा कोडिंग शिकताना फायदा होईल का असं विचारलंस. होईल की, पण लोक सांगतात तसा नाही.

लोकांना वाटतं, भारी खेळाडू खूप पुढच्या चाली बघतो म्हणून भारी. डी ग्रूट नावाचा एक डच मानसशास्त्रज्ञ होता, स्वतःही चांगला खेळायचा, त्याने खेळाडूंसमोर डाव मांडून मोठ्याने बोलत विचार करायला लावलं. 1946 च्या त्याच्या प्रबंधात दिसतं की ग्रँडमास्टर इतरांपेक्षा फार खोल जात नाहीत, ते फक्त बघण्यालायक चालीच बघतात. मग 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांनी पट पाच सेकंद दाखवून परत मांडायला सांगितला, खऱ्या डावातली स्थिती असली तर मास्टर जवळजवळ सगळी मांडतो, पण सोंगट्या कशाही विखुरल्या की तो नवख्यासारखाच अडकतो. आणि गंमत बघ, बेन श्नायडरमन नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने 1976 मध्ये फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोग्रामवर असाच प्रयोग केला, ओळी उलटसुलट केल्या की अनुभवी प्रोग्रामरचा फायदा जवळपास गेलाच!

म्हणजे तुझ्या डोळ्यात बसलेल्या घोड्या-उंटांच्या जागा कोडमध्ये काही कामाच्या नाहीत, तिथले पॅटर्न नव्याने बसवावे लागणार, त्यासाठी दुसऱ्यांचा कोड भरपूर वाच, तू जुने डाव वाचायचास ना तसाच.

कामाला येणार ती तुझी सवय. चाल करायच्या आधी तू विचारतोस की आता समोरचा काय करेल, ही सवय मला फार मोलाची वाटते. फंक्शन, म्हणजे एखादं काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलंस की तेच विचार, इनपुट रिकामं आलं तर, दोघांनी एकदम बटण दाबलं तर, मधेच नेटवर्क गेलं तर. प्रोग्रामिंग शिकवणारे हे बरेचदा शेवटी, टेस्टिंगच्या वेळी सांगतात, तुझ्याकडे ते पहिल्यापासून आहे. दुसरं म्हणजे हरलेला डाव नंतर शांतपणे परत मांडून बघणं. बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडला आणि दुरुस्त झाला की बरेच जण पुढे जातात, तो आत शिरला कुठून हे बघतच नाहीत, तू बघशील.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. पटावर सोंगटीला हात लावला की तीच चालवायची, त्यामुळे तुझ्यासारखे लोक पहिली ओळ लिहायच्या आधीच तासभर विचार करत बसतात. इथे चाल मागे घेता येते रे, कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं गिट आहे, लिही, चालवून बघ, नाही जमलं तर पुसून टाक. शिवाय पटावर सगळं उघड दिसतं, इथे तसं नाही, दुसऱ्याच्या लायब्ररीत, म्हणजे आपण वापरतो त्या तयार कोडमध्ये, काय चाललंय ते नुसता विचार करून कळत नाही, कोड चालवूनच कळतं.

म्हणून पहिला प्रोग्राम आठ वजिरांचा कर. आठ वजीर पटावर असे ठेवायचे की कोणीच कोणाला मारू नये. 64 घरांत आठ वजीर ठेवायच्या पद्धती 4,426,165,368 होतात, एका आडव्या रांगेत एकच वजीर असं धरलंस की 16,777,216 उरतात, उभ्या रांगाही वेगळ्या धरल्यास तर फक्त 40,320. बघण्यालायक चालीच बघायच्या म्हणजे काय ते इथे आकड्यांत दिसतं. मग रांगेरांगेने वजीर ठेवत जायचं, अडलं की शेवटचा उचलून पुढच्या घरात ठेवायचा, त्या रांगेत पुढे कुठेच जागा नसेल तर त्याच्या आधीचा उचलायचा, याला बॅकट्रॅकिंग म्हणतात आणि अख्खा प्रोग्राम चाल मागे घेण्यावरच चालतो. उत्तरं 92 यायला हवीत, कमीजास्त आली तर कर्णाची, म्हणजे तिरक्या रेषेची, तपासणी आधी बघ, बहुतेक तिथेच घोळ असतो. कोड पाठव, मी वाचतो.

तुझाच,
जुना मित्र